‘बागुंदी’ म्हणतील, तू हात बघ

चि.स अनेक आशीर्वाद,

परवा सोलापुरात सात रस्त्याला चहा घेताना तू मोबाइल पुढे केलास. टॉवेल शिलाईच्या बायकांसाठी डझनांचा हिशेब ठेवणारं ॲप. शंभर जणींना दाखवलं, सगळ्या छान म्हणाल्या, मग वापरत का नाहीत, हा तुझा प्रश्न. मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालास, आता आवाजाची सोय टाकतो आणि पुन्हा दाखवतो.

दाखवू नकोस. हातात दे आणि गप्प बस.

विडी वळणाऱ्या बायकांची पाठ धरते म्हणून मी लोखंडी चौरंग केला होता. दीड वर्ष त्यात घातलं, कर्ज काढलं, वर पावडर कोटिंग. विचारलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. पूर्व भागातल्या गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. सगळीकडे एकच उत्तर, “बागुंदी.” तेलुगूत छान. एवढं करून दारात आलेल्या माणसाला वाईट कोण म्हणेल? महिन्याभराने गेलो तर चौरंगांवर घागरी.

मग एका मावशींच्या उंबऱ्यात नुसता बसून राहिलो. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापाला लावून कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा, तोंड दुमडायचं. दूध उतू जायला लागलं की सूप बाजूला सारून त्या उठत. चौरंग असता तर पाय अडकले असते. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. पुढच्या खेपेला चौरंगाच्या जागी मांडीवर ठेवायला टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा कापून नेला. मावशींनी तो मांडीवरून काढला, दुमडला आणि कमरेमागे भिंतीशी लावला. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना पुढे चौरंग नकोच होता, मागे टेकू हवा होता! रंगवलेलं लोखंड कोण दुमडणार? पुठ्ठा दुमडता येतो.

जेफ हॉकिन्सचं उदाहरण तुला माहीत असेल. १९९६ साली आलेला, पुढे पामपायलट म्हणून ओळखला गेलेला ‘पायलट’ हा खिशात मावणारा छोटा संगणक त्याने बनवला. त्याआधी तो लाकडाचा ठोकळा खिशात घालून हिंडायचा, कुणी भेटीची वेळ मागितली की तो काढून चॉपस्टिकच्या काडीने त्यावर लिहिल्यासारखं करायचा. माणूस हुशार होता, तरी आधी ठोकळाच.

आवाजाची सोय हवीच वाटते? मग आधी कोडची एक ओळही लिहू नकोस. ती बोलेल, तू शेजारच्या खोलीत बसून हाताने आकडा भर. मुळात ती बोलते का ते कळेल. मशीनचा आवाज, मांडीवर पोर, समोर डझन मोजणारा मुकादम. त्याच्यादेखत ती आपला आकडा मोठ्याने सांगेल? मला नाही वाटत. पण माझं वाटणं सोड, तुझंही सोड. हातात दे, गप्प बस. पाच जणी पुरेत, शंभर नकोत. ती अडली की तुझी जीभ वळवळेल, “ताई, ते हिरवं बटण दाबा.” तेवढं बोललास की दिवस फुकट गेला. माझी दीड वर्षं अशीच बोलण्यात गेली, म्हणून इतका चिडून लिहितोय. राग मानू नकोस.

रविवारी सकाळी ये. मोबाइल खिशातच राहू दे. पुठ्ठा माझ्याकडे आहे, स्केचपेन घेऊन ये. तुझे चार स्क्रीन कापून काढू आणि दुपारी मावशींच्या सुनेकडे जाऊ, ती टॉवेलच शिवते.

तुझा,
काका