कोव्हॅक्सिन, सात वर्षांची मुलगी आणि जानेवारीत संपणारा सीओपीआर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिंपरी-चिंचवडहून टोरांटोकडे यायचंय, सीओपीआर (कॅनडात कायमचं राहायला मंजुरी मिळाल्याचं पत्र) हातात आहे पण त्याची मुदत जानेवारीत संपते. तुमचे कोविशील्डचे दोन्ही डोस झालेत, वहिनींचे कोव्हॅक्सिनचे झालेत, मुलगी सात वर्षांची. तिघांनी एकदम यावं का, थेट विमान घ्यावं की एजंट सांगतोय ते आखाती देशातून जाणारं स्वस्तातलं, आणि इथे आल्यावर कोणाला किती दिवस कोंडून घ्यावं लागेल. शेवटी आईंना कधी आणता येईल तेही विचारलंत.

मी जुलैत आलो, तेव्हा थेट विमानं बंद होती. त्यामुळे काही गोष्टी अंगावरून गेल्या आहेत आणि काही नंतर येणाऱ्यांना मदत करताना कळल्या. हे लिहितोय ते ऑक्टोबर २०२१ च्या मधल्या आठवड्यात, आणि खालचं सगळं याच वेळच्या नियमांप्रमाणे आहे, ते पुढे बदलणार. ही मोघम सावधगिरी म्हणून सांगत नाही. कॅनडाने भारतातून येणारी थेट विमानं २२ एप्रिलला बंद केली ती ‘३० दिवसांसाठी’ म्हणून. मग मे, जून, जुलै, ऑगस्ट, दर वेळी मुदत संपत आली की पुढची तारीख. शेवटी २२ सप्टेंबरला तीन विमानं चाचणी म्हणून आणली, उतरल्यावर सगळ्या प्रवाशांच्या टेस्ट निगेटिव्ह आल्या, आणि २७ तारखेपासून मार्ग खुला झाला. तेव्हा सरकारी तारखेवर घर रिकामं करायचं नाही, एवढं त्यातून आम्ही सगळेच शिकलो.

तुम्ही क्वारंटाईनची काळजी करताय. मला विचाराल तर ती दुय्यम आहे. इथे पोचल्यावर चौदा दिवस घरात बसणं कंटाळवाणं असतं, पण ते पार पडतं. खरी भीती दिल्लीच्या काउंटरवर आहे, कारण तिथे तिघांपैकी एकाचा जरी कागद अडला तर तिघंही अडता. म्हणून तुमची तारीख तुमच्या स्वतःच्या सोयीवरून ठरवू नका. तुमचं सगळं सोपं आहे. ती वहिनींच्या आणि मुलीच्या अटींवरून ठरवा.

आधी मार्ग. थेट विमान घ्यायचं तर सध्या दिल्लीहूनच, कारण दिल्ली विमानतळाच्या आवारात जेनस्ट्रिंग्स नावाची लॅब आहे आणि थेट विमानासाठी फक्त तिचाच आरटी-पीसीआर चालतो. तोही विमान सुटायच्या नियोजित वेळेच्या आधी १८ तासांच्या आत केलेला, क्यूआर कोडसकट. पुण्यातल्या कुठल्याही नावाजलेल्या लॅबचा रिपोर्ट घेऊन गेलात तर त्याचा उपयोग शून्य. ही टेस्ट पाच वर्षांवरच्या प्रत्येकाला आहे, म्हणजे मुलीचीही होणार. लस घेतली म्हणून ती माफ होत नाही. आदल्या दिवशी दिल्लीला पोचा, एक मुक्काम करा. पुण्याहून सकाळी निघून रात्रीचं विमान पकडायचा बेत कागदावर बसतो, पण पुण्याचं विमान चार तास लेट झालं की सगळं कोसळतं.

एजंटचा स्वस्त मार्ग मात्र सोडून द्या. मधल्या देशातून आलात तर टेस्ट त्या तिसऱ्या देशातच केलेली लागते. भारतातली चालत नाही, दिल्ली विमानतळावरची ती लॅबसुद्धा नाही. त्यात ७२ तासांची अट आहे, आणि ते ७२ तास मोजायचे कॅनडाकडे येणाऱ्या शेवटच्या विमानाच्या सुटण्यापासून मागे. मी मालदीवमधल्या मालेला थांबून युरोपमार्गे आलो. मालेच्या काउंटरवरच्या बाईंनी माझा रिपोर्ट हातात घेतला आणि बोटाने ओळ न् ओळ तपासली: नाव, जन्मतारीख, लॅबचं नाव आणि पत्ता, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, टेस्टचा प्रकार. मग पुढच्या विमानाची वेळ बघून त्यांनी कॅल्क्युलेटर काढला आणि तास मोजले. माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलाच्या रिपोर्टवर लॅबचा पत्ता नव्हता. तो बाजूला बसून लॅबला फोन लावत होता. एकटा माणूस हे निभावून नेतो. सात वर्षांच्या मुलीला घेऊन, रात्रीच्या थांब्यात टेस्ट करून, तिचा निकाल यायची वाट बघत आणि तो पॉझिटिव्ह आला तर परक्या देशात स्वखर्चाने अडकून राहायची तयारी ठेवून, हे मी माझ्या भावाला सांगणार नाही. तिकिटात वाचतील ते पैसे एका रात्रीत जातील.

दिल्लीत कोणी पॉझिटिव्ह आलंच तर? विमानात बसू देत नाहीत, हे उघड आहे. पण तो रिपोर्ट रागाने फेकून देऊ नका, नीट जपून ठेवा. टेस्टपासून १४ दिवस उलटले की १८० दिवसांपर्यंत तोच पॉझिटिव्ह रिपोर्ट निगेटिव्हच्या जागी चालतो, कारण बरं झालेल्या माणसाची टेस्ट पुढे कित्येक दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे वाईटात वाईट धरलं तर दोन आठवडे आणि वर नवीन तिकीट मिळेपर्यंतचे दिवस. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं भारताने अजून सुरू केलेली नाहीत, जे चाललंय ते एअर बबलखाली, म्हणजे दोन देशांनी आपसांत ठरवलेल्या मोजक्या विमानांवर, त्यामुळे जागा कमी आणि भाव चढे. हे सगळं जानेवारीतून वजा करा. सीओपीआरची मुदत बहुतेकदा मेडिकलच्या (अर्जासाठीच्या वैद्यकीय तपासणीच्या) बारा महिन्यांवर बेतलेली असते आणि ती वाढवून मिळेल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. माझ्या हिशेबाने नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत निघा. डिसेंबरचा पहिला आठवडा ही शेवटची सीमा. नाताळच्या गर्दीत तर मुळीच नको.

आता वहिनींचं. कॅनडा सध्या फायझर, मॉडर्ना, ॲस्ट्राझेनेका म्हणजेच कोविशील्ड, आणि जान्सेन (जॉन्सन अँड जॉन्सनची) एवढ्याच लसी मानतो. कोव्हॅक्सिनचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेकडे लोंबकळतोय, आणि तिथे मान्यता मिळाली तरी कॅनडा आपला निर्णय वेगळा घेणार. त्याची वाट बघत बसू नका. सीओपीआर असल्याने वहिनींना येता येईल, पण कागदोपत्री त्या लस न घेतलेल्या. म्हणजे उतरल्यावर विमानतळावर टेस्ट, आठव्या दिवशी घरी टेस्ट, आणि चौदा दिवस क्वारंटाईन. सुदैवाने हॉटेलातल्या तीन रात्रींची सक्ती ९ ऑगस्टला संपली. मला ती भोगावी लागली, कारण कोविशील्डच्या दोन डोसांमधल्या ८४ दिवसांच्या अंतरामुळे माझा एकच डोस झाला होता. आगाऊ पैसे, दाराबाहेर ठेवलेलं थंड जेवण, आणि खिडकीतून पार्किंग लॉट. ते तुमच्या नशिबात नाही.

तुम्ही स्वतः, दुसऱ्या डोसला चौदा दिवस उलटले असतील तर, क्वारंटाईनमधून मोकळे. विमानतळावर वाटेल त्याला बाजूला काढून टेस्ट करतात, तुम्हाला काढलं तर करून घ्या, निकालासाठी थांबावं लागत नाही. मुलीचं मधलं आहे. बारा वर्षांखालची, लस घेतलेल्या पालकाबरोबर आलेली, म्हणून तिला पूर्ण क्वारंटाईन नाही. पण तिच्याही दोन टेस्ट होतील, आणि चौदा दिवस शाळा, डे-केअर, गर्दीची बस यांतलं काहीच नाही. शाळेत नाव घालायची घाई त्यामुळे करू नका.

म्हणूनच ‘मी आधी येतो, त्या दोघी मागून’ हा बेत मला पटत नाही. मुख्य अर्जदार आधी आणि बाकीचे नंतर, हे नियमात बसतं. पण वहिनी दिल्लीच्या त्या सगळ्या गडबडीत मुलीला घेऊन एकट्या पडतील. एकत्र आलात तर तुम्ही मोकळे असल्याने दूध-भाजी, सिमकार्ड, हेल्थ कार्डाचं ऑफिस ही कामं तुम्हीच करू शकता. ओंटारिओने (टोरांटो ज्या प्रांतात आहे त्याने) ओहिपची, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याची, तीन महिन्यांची प्रतीक्षा गेल्या वर्षीच्या मार्चपासून माफ केली आहे, त्याचा फायदा पहिल्याच आठवड्यात घ्या. सिन नंबर (नोकरीसाठी लागणारा सरकारी ओळख क्रमांक) तर वहिनी घरात बसूनही ऑनलाइन मागवू शकतात.

त्यासाठी जागा कशी घ्यायची ते ऐका. ओळखीच्यांकडे ‘या ना, हॉलमध्ये गादी टाकू’ असं आग्रहाने म्हणतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. क्वारंटाईनमधल्या माणसाचा बरोबर प्रवास न केलेल्यांशी संपर्क येता कामा नये, सामायिक स्वयंपाकघर चालत नाही. टोरांटोजवळच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडे वेगळं दार आणि वेगळं न्हाणीघर असलेली बेसमेंट महिन्याच्या भाड्याने मिळतात. तसलं बघा, आणि पत्ता पक्का झाल्यावरच ॲराइव्हकॅन भरायला घ्या.

हे ॲराइव्हकॅन म्हणजे सरकारी ॲप. पोचायच्या आधीच्या ७२ तासांत त्यात पासपोर्ट, लसीचे कागद आणि क्वारंटाईनचा बेत भरायचा. हो, तुम्ही मोकळे असलात तरी बेत भरावाच लागतो, कारण सूट मिळणार की नाही ते शेवटी सीमेवरचा अधिकारी ठरवतो. दोन्ही डोसांची प्रमाणपत्रं पीडीएफ म्हणून टाका, आणि छापील प्रतीही जवळ ठेवा.

आणि इथेच आपल्या लोकांचं घोडं अडतं. कोविनवर नाव आधारवरून गेलेलं असतं, पासपोर्टवर वेगळं असतं. एकीकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये, दुसरीकडे नाही. लग्नानंतर आधार बदललं पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा, हे तर घरोघरी. वहिनींच्या बाबतीत लस मानली जाणार नसली तरी तुमचं प्रमाणपत्र आजच पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. कोविनवर ‘रेज ॲन इश्यू’मध्ये जाऊन दुरुस्ती करता येते आणि पासपोर्ट नंबरही जोडता येतो. पण नावाची दुरुस्ती एकदाच मिळते, तेव्हा टाइप करताना पासपोर्ट समोर ठेवा.

इथे आल्यावर वहिनींना ४८ तासांच्या आत त्याच ॲपवर पोचल्याची नोंद करायची आणि मग रोज लक्षणं आहेत-नाहीत ते कळवायचं. सरकारी फोन येतात, अनोळखी नंबर म्हणून कापू नका. कधी अधिकारी दारावरही येतो. मला एकदा आला होता, ओळखपत्र बघितलं, दोन प्रश्न विचारले आणि गेला. सौजन्याने वागतात, पण नियम मोडला तर दंडाची पावती ५,००० डॉलरपर्यंतची आहे. आठव्या दिवसाच्या टेस्टचा डबा विमानतळावरच हातात देतात. व्हिडिओवर नर्स येते, ती सांगेल तशी काडी आपणच दोन्ही नाकपुड्यांत फिरवायची, नळीत मोडून टाकायची, नळीवर नाव-तारीख लिहायची, पिशवी बंद करायची आणि कुरिअरवाल्याला द्यायची. नर्ससाठी ऑनलाइन रांग असते, सकाळी लवकर लॉगइन करा. मुलीची काडी तुम्हालाच फिरवावी लागेल. पुण्यात घरी एकदा खेळ म्हणून सराव करून घेतलात तर तेव्हा रडारड होणार नाही.

चौदा दिवस संपले की वहिनींनी पहिलं काम करायचं ते इथल्या लसीचं. ओंटारिओत कोव्हॅक्सिनच्या दोन डोसांवर फायझर किंवा मॉडर्नाचा एक डोस घेतला की पूर्ण लसीकरण धरतात. हे टाळू नका, कारण २२ सप्टेंबरपासून इथे हॉटेलात बसून जेवायलासुद्धा प्रमाणपत्र लागतं. विमान आणि लांबच्या रेल्वेचाही नियम ३० ऑक्टोबरपासून येतोय. महिनाभर निगेटिव्ह टेस्टवर निभावेल, ३० नोव्हेंबरनंतर तेही नाही.

नोकरीचा राजीनामा नोटीस पिरियड बघून द्यावा लागेलच, पण घरभाड्याचा करार आणि गाडी निघायच्या दिवसापर्यंत सोडू नका. भारतातला नंबर रोमिंगवर चालू ठेवा, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. सामानात भाजणी, मेतकूट आणि छोटा कुकर वरच्या बॅगेत ठेवा, पहिले दोन दिवस दुसरं काही सुचत नाही.

राहता राहिल्या आई. त्यांचे कोविशील्डचे दोन्ही डोस झाले असतील तर लस ही अडचणच नाही. ७ सप्टेंबरपासून पूर्ण लस घेतलेल्या परदेशी पाहुण्यांना वैध व्हिसावर येता येतं. अडचण वेगळी आहे. सुपर व्हिसासाठी, म्हणजे आईवडिलांना लांबच्या मुक्कामासाठी मिळणाऱ्या व्हिसासाठी, तुमचं इथलं उत्पन्न ठराविक पातळीच्या वर दाखवावं लागतं, आणि कॅनडातल्या कंपनीचा किमान एक लाख डॉलरचा वर्षभराचा आरोग्य विमा लागतो. म्हणजे आधी नोकरी, मग पगाराच्या स्लिपा, मग अर्ज. त्यांना पुढच्या उन्हाळ्याचं सांगा, दिवाळीनंतर लगेचचं नको. तोवर त्यांना व्हिडिओ कॉल लावून द्यायला शेजारचं कोण येईल ते निघायच्या आधी ठरवून ठेवा.