क्रूसावरच्या येशूची छोटी ब्राँझ मूर्ती जांबोलोन्याची आहे का, हे कसं ठरवायचं?

तुमच्याकडे साधारण 30 सेंमी उंचीची, मान खाली कललेली, मूळ क्रूस हरवलेली येशूमूर्ती आहे आणि सोबतच्या कागदावर 'जांबोलोन्या, फ्लॉरेन्स' एवढंच लिहिलंय. त्या कागदाला तूर्त शून्य किंमत द्या.

आधी दोन प्रश्न वेगळे करा: नमुना कोणाचा, आणि ओतकाम व घासकाम कोणाचं? फ्लॉरेन्सचा शिल्पकार जांबोलोन्या (1529–1608) नमुना घडवायचा. त्यावरून साचे घेऊन मेणाच्या प्रती काढायच्या, त्या ओतायच्या आणि छिन्नीने साफ करायच्या, हे काम बरंचसं अंतोनियो सुसिनीसारखे सहकारी करत. सुसिनीने 1600 च्या सुमारास स्वतःची कार्यशाळा थाटली, तरी तो गुरूचे नमुने ओततच राहिला. 1624 मध्ये तो गेल्यावर पुतण्या जानफ्रांचेस्कोने तेच पुढे चालवलं. म्हणजे नमुना शंभर टक्के जांबोलोन्याचा असूनही मूर्ती त्याच्या मृत्यूनंतरची असू शकते.

सुरुवात कॅलिपरने (दोन टोकांमधलं अंतर मोजायच्या साधनाने) करा, फुकटात होतं. ओतलेल्या मूर्तीवरूनच पुन्हा साचा घेतला, तर थंड होताना मेणही आकसतं आणि धातूही. मिळून दोनेक टक्के, म्हणजे 30 सेंमीला 5-6 मिमी. पण एकूण उंची किंवा हातांचा पसारा मोजू नका. हात बरेचदा वेगळे ओतून जोडलेले किंवा नंतर वाकवलेले असतात. हनुवटी ते बेंबी, बेंबी ते गुडघा अशी न हलणारी अंतरं घ्या आणि संग्रहालयातल्या खात्रीच्या प्रतीशी ताडा. सगळीच अंतरं सारख्या प्रमाणात कमी भरली, तर ती प्रतीची प्रत.

मग दहापट भिंग घेऊन केस, दाढी, नखं आणि कमरेच्या वस्त्राच्या घड्या बघा. सुसिनीचं काम काटेकोर: घडीची कड धारदार, त्वचा गुळगुळीत. प्रतीच्या प्रतीत बटा एकमेकींत विरघळतात आणि कोणीतरी त्यावर नव्याने रेघा ओढलेल्या असतात. मेणातच काढलेल्या रेघेची कड मऊ असते, धातूत कोरलेलीची तीक्ष्ण. सही असेल तर तिलाही हीच कसोटी लावा, कारण सही कोरणं सगळ्यात सोपं. पाठ विसरू नका. ती क्रूसाकडे असते, म्हणून कारागीर तिथे हात आखडता घेतो आणि ओतकामाच्या खुणा तिथेच उरतात.

पुढचा क्रम महत्त्वाचा. पाठीच्या भोकातून आतल्या गाभ्याची (मूर्ती पोकळ ओतण्यासाठी आत भरलेली) माती मिळत असेल, तर थर्मोल्युमिनेसन्स चाचणीसाठी, म्हणजे माती शेवटची तापून किती काळ झाला हे पाहण्यासाठी, ती एक्स-रेच्या आधी काढा. किरणांमुळे मातीतला मूळ हिशेब बिघडतो. वर्ष नेमकं कळत नाही, शंभरेक वर्षं इकडेतिकडे होतात. पण सोळावं शतक आणि एकोणिसावं शतक यांतला फरक कळतो. नंतर कुणी डाग देऊन जोडताना मूर्ती खूप तापवली असेल, तर मात्र हे घड्याळ शून्यावर येतं. एक्स-रेसाठी कारखान्यात जोड तपासणारं यंत्र लागतं, दवाखान्यातल्याचा जोर बहुधा पुरत नाही. त्यात धातूच्या थराची जाडी एकसारखी आहे का, गाभा धरणाऱ्या खिळ्यांची भोकं कशी बुजवलीत आणि हात कुठे जोडलेत, हे पाहायचं.

धातूचं एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणारी चाचणी) शेवटी करा, आणि पातिना, म्हणजे पृष्ठभागावरचा रंगीत थर, नसलेल्या जागी. जस्त 30 टक्क्यांच्या वर गेलं तर संशय घ्या, कारण जुन्या पद्धतीने पितळात त्याहून जास्त जस्त जात नसे. सोन्याच्या मुलाम्यात पारा सापडला तर तो जुन्या पद्धतीचा. विजेचा मुलामा 1840 नंतरचा. पण पाऱ्याचा मुलामा नंतरही होत राहिला, म्हणून एवढ्यावरून काळ ठरवू नका.

मूर्ती भारतात असेल तर तपासणीसाठी सहज परदेशी पाठवायला जाऊ नका. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. फोटो, मापं आणि एक्स-रे पाठवा. सगळं जुळलं तरी 'जांबोलोन्याच्या नमुन्यावरून, बहुधा सुसिनीची कार्यशाळा' इतकंच लिहून मिळेल, आणि ते काही कमी नाही.