सॅमॉयेड या कुत्र्यांच्या जातीचे जुने ब्रीडर (पैदासकार) पुढे डॉग शोमध्ये जज होतात, ते खरंच चांगले जज ठरतात का?

बहुतेकदा हो. सॅमॉयेडचा पांढरा कोट, म्हणजे अंगावरचे केस, इतका दाट असतो की नुसती नजर सहज फसते. पिढ्यान् पिढ्या पिल्लं वाढवलेला माणूस केसांत हात घालून खांदे, बरगड्या, मागच्या पायांचे कोन चाचपतो. ड्रायरने फुलवलेल्या केसांना भुलत नाही. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या मानकात नराची आदर्श उंची 57 सेंमी, मादीची 53, तीन सेंमी इकडेतिकडे चालते. निळे डोळे असले की बाद. हे कुणीही पाठ करेल. बर्फावर स्लेज (घसरगाडी) ओढणाऱ्या अशा कुत्र्याची चाल ओळखायला मात्र वर्षं लागतात. धोका एकच: आपल्याच ब्लडलाइनसारखं, म्हणजे आपण वाढवलेल्या वंशासारखं, दिसणारं कुत्रं जास्त आवडणं. मला तरी तो धोका परवडतो. अनेक जातींची वरवर माहिती असलेला जज बऱ्याचदा कोटालाच बक्षीस देतो.