होम फोल्डरमधली साइट ७७७ देऊनही ४०३ का दाखवते?

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा कळला: आर्वीकडल्या तुमच्या गावच्या वाचनालयाची साइट उबंटू २२.०४ या लिनक्सवर बसवताय, फाइली होम फोल्डरात आहेत, अपाची या वेब सर्व्हरचं डॉक्युमेंटरूट (साइट कुठून वाचायची ते सांगणारं सेटिंग) तिकडे वळवलंय, आणि साइटच्या फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) देऊनही ब्राउझर ‘४०३ फॉरबिडन’च (प्रवेश नाही) म्हणतो.

७७७ नं ते जाणारच नाही. बहुतेक अडचण त्या फोल्डरात नाही, त्याच्या वर आहे. अपाची तुमच्या नावानं चालत नाही, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाच्या वेगळ्या युजरनं चालतो. फाइलपर्यंत पोचायला त्याला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर एक्झिक्यूटची (आत शिरायची) परवानगी लागते. उबंटूनं २१.०४ पासून नवं होम फोल्डर ७५० केलं (इतरांना आत शिरता येत नाही), आधी ७५५ असायचं (शिरता यायचं). म्हणजे तुमच्या वावराचं फाटक सताड उघडं, पण पांदणच कोणी नांगरून टाकली; बंडी जाईल कुठून? जुने व्हिडिओ २०.०४ वरचे असतात, त्यात ही भानगड येतच नाही. मग लोक ७७७ वर ७७७ मारत बसतात.

आधी एरर लॉग पाहा. व्हार, त्यात लॉग, त्यात अपाची२, तिथली एरर.लॉग फाइल. ती लॅपटॉपवरच असते, गावात नेट नसलं तरी वाचता येते. ४०३ एकच दिसतो, पण लॉगमधली ओळ वेगवेगळी असते. ‘सर्च परमिशन्स आर मिसिंग’ असेल तर वर सांगितलं तेच. ‘क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन’ असेल तर फाइलींच्या परवानगीशी त्याचा संबंध नाही: अपाचीच्या सेटिंगमध्ये त्या फोल्डरसाठी ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ लिहायचं राहिलंय. आणि ‘डिरेक्टरीइंडेक्स’ असा शब्द दिसला तर इंडेक्स नावाची फाइलच सापडली नाही, एवढंच.

वाट नेमकी कुठं अडली ते नेमआय ही कमांड दाखवते (स्पेलिंग एन-ए-एम-ई-आय). पुढं ‘-एल’ आणि फाइलचा पूर्ण पत्ता द्या, वरपासून खालपर्यंत एकेका फोल्डरची परवानगी ओळीनं येते.

होम फोल्डरला इतरांसाठी एक्झिक्यूट देऊन काम भागतं, पण मी तसं करत नाही. साइट सरळ व्हार फोल्डरातल्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूमध्ये हलवा. ‘रिक्वायर’चा प्रश्नही तिथंच मिटतो, कारण उबंटूच्या अपाचीत त्या जागेला आधीच मुभा असते. मालकी तुमच्याच नावावर राहू द्या, फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४ (बदल फक्त तुम्ही करणार, बाकीचे वाचणार).

दिलेलं ७७७ काढताना सीएचमॉड या परवानग्या बदलायच्या कमांडमधल्या मोठ्या एक्सवर विसंबू नका (तो एक्झिक्यूट फोल्डरांना आणि आधीच ते असलेल्या फाइलींना देतो). फाइलींवर आता एक्झिक्यूट बसलेलंच आहे, त्यामुळे तो ते तसंच ठेवतो. फाइंड कमांडनं फोल्डर वेगळे, फाइली वेगळ्या काढून आकडे द्या.

वर्डप्रेस (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) असेल तर फक्त अपलोड्स फोल्डर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावावर करा, म्हणजे पुस्तकांचे फोटो चढतील. प्लगइन (जादा सोयीची जोड) टाकताना वर्डप्रेस एफटीपीचा (फाइली चढवायच्या सोयीचा) पासवर्ड मागेल, कारण बाकी फाइलींची मालकी अपाचीकडे नाही. घाबरू नका. लॅपटॉप तुमच्या एकट्याचा असेल आणि साइट बाहेर दिसत नसेल, तर वर्डप्रेसचं अख्खं फोल्डर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावावर केलं तरी चालतं.

विंडोजही त्याच लॅपटॉपवर असेल, तर साइट डी ड्राइव्हवर मात्र ठेवू नका. तिथं एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवायची पद्धत) असतं, परवानग्या ड्राइव्ह माउंट होतानाच (उबंटूला जोडला जातानाच) ठरतात, आणि सीएचमॉड कितीही चालवा, सहसा काही बदलत नाही.