पानं तशीच दिसणार असतील, तर पैसे कशाचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या साइटवर सगळं स्टाइलिंग (रंग, फॉन्ट, मांडणी) पानापानांत लिहिलेलं आहे. डेव्हलपर म्हणतो, ते बाहेर काढून वेगळ्या स्टाइल शीटमध्ये, म्हणजे सगळ्या पानांना लागू होणाऱ्या एका फाइलमध्ये, न्यायला तीन आठवडे लागतील, आणि एवढं करून साइट हुबेहूब आत्तासारखीच दिसेल. मग धंद्याला फायदा काय आणि पैसे कशाचे द्यायचे?

पैसे द्या. कशाचे ते सांगते, कारण हाच वाद मी एकदा हरले आहे आणि तो हरायला नको होता.

आम्ही दोघं भागीदारीत साइट्स बनवायचो. एका कंपनीच्या कॅटलॉगचं काम हाती आलं. चारशेच्या वर पानं, प्रत्येक पानाच्या तळाशी चौकशीचा फॉर्म, आणि मुदत अगदीच कमी. मी म्हटलं, आधी स्टाइल शीट नीट बसवू, मग पानं पटापट होतील. भागीदार म्हणाला, "क्लायंटला पान दिसतं, कोड दिसत नाही. आधी साइट लाइव्ह करू, साफसफाई मागाहून." झालं. मागच्या पानाची कॉपी मारायची, रंग-फॉन्ट जागच्या जागी बदलायचे, पुढचं पान घ्यायचं. साइट वेळेत गेली, बिल मिळालं, आणि पुढचं दीड वर्ष त्याचंच खरं ठरलं.

मग कंपनीने लोगो बदलला. लाल जाऊन गडद निळा आला. आमच्या देखभालीच्या करारात 'किरकोळ रंगबदल' फुकट होते. ते कलम भागीदारानेच घातलं होतं. तो म्हणाला, "फाइंड-रिप्लेस मार, दुपारपर्यंत होऊन जाईल."

फाइल्स उघडल्या तर एकच लाल चार तऱ्हांनी लिहिलेला. कुठे हॅशच्या पुढे सहा अक्षरी कोड, कुठे त्याचंच तीन अक्षरी रूप, कुठे आरजीबीचे (लाल-हिरवा-निळा यांच्या प्रमाणाचे) 204, 0, 0 हे आकडे, आणि घाईत केलेल्या पानांवर सरळ इंग्रजी 'रेड' हा शब्द, जो खरं तर जरा भडक लाल. पहिले तीन प्रकार बदलून झाले. चौथ्यासाठी मी सगळ्या फाइल्सवर 'रेड'च्या जागी 'नेव्ही' असा बदल चालवला. पाच-सहा पानं उघडून पाहिली. सगळं निळं, सुंदर. अपलोड केलं.

एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान ज्या भाषेत लिहितात तिच्यात, फॉर्मचा रकाना सक्तीचा करायला 'रिक्वायर्ड' हा शब्द लिहितात. इंग्रजीत त्याची शेवटची तीन अक्षरं 'रेड'चीच. चारशे पानांवर त्याचं 'रिक्विनेव्ही' होऊन बसलं. ब्राउझर अशा वेळी तक्रार करत नाही. जो शब्द त्याला कळत नाही तो सोडून देतो आणि पान मुकाट्याने दाखवतो. त्यामुळे फॉर्म दिसायला अगदी धडधाकट, पण कुठलाच रकाना सक्तीचा राहिला नाही. सर्व्हरवर दुसरी तपासणी असायला हवी होती. ती नव्हती, आणि ती चूक आम्हा दोघांची.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या विक्री विभागातून फोन आला. चौकशा येत होत्या, पण कित्येकांत ना फोन नंबर ना ईमेल. 'या मॉडेलचा दर कळवा', खाली नाव, बस. कळवायचं कोणाला? लोगो नवा म्हणून कंपनीने त्याच आठवड्यात जाहिरात केली होती, म्हणजे एरवीपेक्षा जास्त माणसं साइटवर येत होती. आम्ही तीन रात्री बसून पान न् पान तपासलं, एक पैसाही न घेता. पुढच्या वर्षी करार वाढला नाही.

भागीदार आजही म्हणतो की रिप्लेस तू चालवलंस. खरं आहे, बटण मीच दाबलं. पण रंग बदलायला गेलेल्या माणसाचा हात चौकशीच्या फॉर्मपर्यंत पोचलाच कसा, याचं उत्तर त्याने कधी दिलं नाही. स्टाइल शीट वेगळी असती तर तोच बदल मी एका सीएसएस फाइलवर (स्टाइल शीट ज्या भाषेत लिहितात ती सीएसएस) चालवला असता. फार तर दोन-चार रंग चुकले असते. फॉर्म त्या फाइलमध्ये नसतोच.

तुमचे तीन आठवड्यांचे पैसे ह्याचे आहेत. काम लवकर होतं वगैरे सगळे सांगतात आणि तेही खरंच आहे, पण धंद्याच्या हिशेबात मोठी गोष्ट ही की दिसण्यातला बदल दिसण्यापुरताच राहतो. मजकूर लिहिणारा मजकुरात काम करतो, डिझाइनवाला शीटमध्ये, आणि एकाच्या चुकीने दुसऱ्याचं काम बिघडत नाही. उद्या हा डेव्हलपर सोडून गेला तर नव्या माणसाला रंग कुठे आहेत हे शोधायला चारशे फाइल्स उघडाव्या लागत नाहीत. छपाईसाठी वेगळी शीट लावली की दरपत्रक मेनू-बिनू वगळून स्वच्छ छापलं जातं.

हे काही नवं खूळ नाही. हाकोन व्ह्यूम ली यांनी सीएसएसचा प्रस्ताव 1994 साली सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत असताना मांडला, डिसेंबर 1996 मध्ये त्याचं पहिलं मानक आलं, आणि पुढच्याच वर्षी एचटीएमएल 4 ने फॉन्ट टॅग (पानातच अक्षरांचं रूप लिहिण्याची खूण) टाळा म्हणून सांगितलं. पटत नसेल तर डेव्ह शे यांची 2003 ची 'सीएसएस झेन गार्डन' ही साइट बघा. एचटीएमएल एकच, फक्त शीट बदलते, आणि दर वेळी साइट ओळखू येत नाही. ती उघडून मी भागीदाराच्या पुढ्यात ठेवली होती. तो म्हणाला, "ही कलाकारांची हौस आहे." त्याच 2003 साली ईएसपीएन या क्रीडावाहिनीने आपली साइट सीएसएसच्या मांडणीवर नेली तेव्हा दर पानामागे सुमारे 50 केबी वाचले. रोजची सुमारे 4 कोटी पानं धरली तर दिवसाला 2 टेराबाइट होतात. ती हौस नव्हती.

आता तुमच्या साइटला असा आकडा दिसणार नाही, तेव्हा वेगाच्या नावावर कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. बाहेरची शीट ब्राउझर एकदा उतरवून जपून ठेवतो, म्हणून दुसऱ्या पानापासून फायदा मिळतो. पहिल्या पानाला उलट थांबावं लागतं, कारण शीट येईपर्यंत ब्राउझर काही रंगवत नाही. तुमचे लोक एकच पान बघून जात असतील तर या जपून ठेवण्याचा उपयोग नाही. शिवाय शीट बदलली की फाइलच्या नावात आवृत्ती बदलायला सांगा, नाहीतर जुन्या गिऱ्हाइकाला नवं पान जुन्या कपड्यांत दिसतं. गूगलमध्ये निव्वळ यामुळे वर याल असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

आणि हो, तुमची साइट पाच-सात पानांची असेल आणि वर्षभरात नवीच करायची असेल, तर हा खर्च करू नका. ईमेलचे साचेही यातून वगळा. बरेच मेल प्रोग्राम बाहेरची शीट लावतच नाहीत, तिथे स्टाइल आतच लिहावी लागते. वेगळी फाइल केली पण दर दुसऱ्या ओळीला 'इम्पॉर्टंट' (बाकीचे नियम डावलून हाच चालवा, असा शेरा) ठोकलं, तर गोंधळ फक्त एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेला. आणि सगळी साइट एकदम हलवू देऊ नका. आधी एका प्रकारची पानं, त्यांची आधीची-नंतरची चित्रं शेजारी ठेवून तपासणी, मग पुढची.

काम संपलं की शेवटचा हप्ता देण्याआधी डेव्हलपरला शेजारी बसवा आणि सगळ्या साइटच्या शीर्षकांचा रंग तुमच्यासमोर बदलायला सांगा. एकच फाइल उघडली पाहिजे. मग चौकशीचा फॉर्म फोन नंबर न भरता पाठवून बघा. तो अडलाच पाहिजे.