मुलाचं पोट वारंवार दुखतं, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. पुढे काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा नऊ वर्षांचा आहे, चार महिन्यांपासून मधूनच पोट धरून बसतो, कधी उलटी होते, दोन-तीन तासांत आपोआप बरं वाटतं आणि मग खेळायला पळतो. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले गाठी आहेत, दुसरे म्हणाले गॅस, सासूबाई म्हणतात बेंबी सरकली आणि शाळेतल्या बाईंना वाटतं निमित्त करतोय. माझ्या लेकीच्या बाबतीत हे सगळं ऐकून झालंय, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, आई आहे.

आधी तातडीचं. उलटी हिरवी झाली, शीमधून रक्त आलं किंवा शी डांबरासारखी काळी झाली, पोट कडक लागलं, दुखणं उजवीकडे खाली सरकून तिथेच राहिलं आणि ताप आला, तर नोंदी वगैरे नंतर, आधी दवाखाना गाठा. पोटदुखीबरोबर खूप तहान, सारखी लघवी आणि धाप असेल तर लगेच शुगर तपासून घ्या. लहान मुलांचा मधुमेह असाही समोर येतो. आणि मुलगा आहे म्हणून मुद्दाम सांगते: अंडकोषाला पीळ पडला की मुलं लाजून ‘पोट दुखतंय’ एवढंच म्हणतात. त्यात साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन व्हावं लागतं. अचानक जोरात दुखलं तर चड्डी काढून बघायला संकोचू नका.

यातलं काही नसेल तर धीराने शोध घ्यायला वेळ आहे.

‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे तपासणी केली त्या वेळी नॉर्मल. आमच्याकडे गुंता इथेच होता. लेकीचं दुखायचं संध्याकाळी, सोनोग्राफी व्हायची दुसऱ्या दिवशी सकाळी, ती हसतखेळत असताना. रिपोर्टात एक ओळ असायची की डाव्या मूत्रपिंडाची पिशवी किंचित ठळक दिसते, बाकी विशेष काही नाही. त्या ओळीवर कुणी थांबायचं नाही.

मग एका बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, औषध बाजूला ठेवा, वही करा. किती वाजता सुरू झालं, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं, बोटाने कुठे दाखवते, उलटीचा रंग, शी कधी झाली, झोपेतून उठली का, किती वेळाने थांबलं. शक्य असेल तर मोबाइलवर व्हिडिओ. व्हिडिओत स्पष्ट दिसलं की ती सरळ झोपूच शकत नाही, डाव्या कुशीकडे वाकते आणि बरगडीखाली मूठ दाबून धरते. ‘कुठे दुखतं?’ विचारलं की मात्र बेंबी दाखवायची. चेहरा पांढराफटक, एखादी उलटी, मग गाढ झोप. उठली की भरपूर लघवी आणि लगेच ‘भूक लागली’. वहीत आणखी एक गोष्ट उमटली. दुखणं बहुतेक वेळा भरपूर पाणी, उसाचा रस किंवा नारळपाणी पोटात गेल्यावर यायचं. पोट दुखतंय म्हणून घरात जो तो तिला प्रेमाने काहीतरी प्यायलाच देत होता.

वही वाचून डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: ‘दुखत असतानाच सोनोग्राफी’. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोलून ठेवलं, म्हणजे नंबर लावावा लागणार नाही. पुढच्या वेळी कळ आल्या आल्या तिला उचलून नेलं, आणि डावं मूत्रपिंड लघवीने टम्म फुगलेलं दिसलं.

मूत्रपिंडातून लघवीची नळी निघते तिथला सांधा अरुंद होता. जरा मोठ्या मुलांत बऱ्याचदा मूत्रपिंडाच्या खालच्या भागाकडे जाणारी एखादी रक्तवाहिनी त्या नळीला आडवी जाऊन दाबते. आमच्याकडे तसंच होतं. लघवी जास्त तयार झाली की तुंबते, कळ येते, उलटी होते; वाट मोकळी झाली की सगळं शांत. पोलंडमधल्या क्राकूवच्या योझेफ डिट्ल या डॉक्टरांनी १८६४ मध्ये अशा कळांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना आजही डिट्लची कळ म्हणतात. पुढे मूत्रपिंडाचा न्यूक्लिअर स्कॅन झाला. त्यात शिरेतून औषध देऊन कोणतं मूत्रपिंड किती काम करतंय आणि लघवी किती वेगाने खाली उतरते ते मोजतात. मग दुर्बिणीतून पायलोप्लास्टी, म्हणजे तो अडलेला सांधा मोकळा करायचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनच्या वेळी आत ठेवलेली तात्पुरती नळी काही आठवड्यांनी थोडी भूल देऊन काढली. त्यानंतर ती कळ आलेली नाही.

तुमच्या मुलालाही हेच असेल असं मी म्हणत नाही. पण ‘उलटी, मग आपोआप बरं’ हे वाचून सांगावंसं वाटलं की दुखत असताना एकदा सोनोग्राफी व्हायला हवी आणि ती करणाऱ्याला मूत्रपिंडं नीट बघायला सांगायला हवं. असंच चित्र पोटाच्या मायग्रेनमध्येही दिसतं: बेंबीभोवती तासभर किंवा जास्त जोराची कळ, चेहरा फिका, मधल्या काळात पूर्ण ठणठणीत. घरात कुणाला अर्धशिशी असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

गाठींबद्दल. मुलांच्या सोनोग्राफीत आतड्याजवळच्या लहान गाठी सर्रास दिसतात, धडधाकट मुलांतही. तेवढ्यावरून कुणी टीबीची औषधं सुरू करायला सांगितलं तर ‘आणखी कशावरून?’ असं शांतपणे विचारा आणि बालपोटविकारतज्ज्ञांचं मत घ्या. वजन घटणं, रेंगाळणारा ताप, घरात टीबीचा रुग्ण या गोष्टी असतील तर चित्र वेगळं.

बद्धकोष्ठ आधी तपासा. मूल रोज शीला जातं म्हणजे पोट साफ होतंच असं नाही. शाळेतल्या संडासात जायला नको म्हणून कितीतरी मुलं दिवसभर दाबून ठेवतात. शी खड्यांसारखी आहे का, कुंथावं लागतं का, हे नऊ वर्षांच्या मुलाला एकट्याला गाठून विचारावं लागतं. गव्हाच्या ॲलर्जीची शंका घेऊन पोळी बंद करायचा सल्ला मिळेल, पण सीलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची) रक्ततपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर खरा आजारही तपासणीत दिसत नाही. आणि माहेर किंवा सासर विदर्भातलं वा नंदुरबारकडचं असेल तर सिकलसेलची (तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी मागून घ्या.

एवढं करूनही काही सापडलं नाही तर? बहुतेक मुलांत तसंच होतं. जॉन ॲप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी सहकाऱ्यासोबत १९५८ मध्ये १,००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर १० मुलांत साधारण एकाला अशी वारंवार पोटदुखी होती आणि फार थोड्यांत शरीरातला दोष सापडला. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकं जास्त शोधा, हा त्यांचाच धडा डॉक्टर अजून पाळतात. पण दोष सापडला नाही म्हणजे मूल खोटं बोलतंय, हे मला अजिबात मान्य नाही. आतडी आणि मेंदू यांच्यातल्या नसा जास्त संवेदनशील झाल्या की साधा गॅससुद्धा कळ होऊन जाणवतो. अशा पोटाच्या विकारांसाठी जगभरचे डॉक्टर वापरतात त्या २०१६ च्या रोम-४ निकषांत हे रीतसर निदान आहे. त्यात शाळा चालू ठेवणं, झोप सांभाळणं, दर तासाला ‘दुखतंय का?’ न विचारणं आणि समुपदेशन यांचा खरा उपयोग होतो. एंडोस्कोपी, सीटी स्कॅन असं एकामागून एक करत राहण्याचा होत नाही.

या अशा दुखण्यावर समाधान मानण्याआधी मात्र वजन-उंचीचा तक्ता भरलाय का ते बघा. वाढ थांबणं, रात्री झोपेतून दुखून उठणं, सांधे सुजणं, पायांवर जांभळट पुरळ, तोंडात सारखे फोड, यातलं काही असेल तर शोध संपलेला नाही.

खर्चाची काळजी असेल तर शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे चौकशी करा, तिथून पुढे पाठवतात. मुंबई जवळ असेल तर परळचं वाडिया रुग्णालय खास मुलांचंच आहे. ऑपरेशन सांगितलं तर ते महात्मा फुले योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

उलटीचा रंग कोणता असतो, दुखताना तो कुठल्या कुशीकडे वाकतो आणि नंतर लघवी जास्त होते का, हे तुमच्या प्रश्नात नाही. पुढच्या वेळी एवढं बघा, आणि जुने सोनोग्राफीचे रिपोर्ट काढून त्यात मूत्रपिंडांबद्दल नेमकं काय लिहिलंय ते डॉक्टरांसमोर बसून वाचून घ्या.