विश्वासघातानंतर क्षमा: घाई नको

लगेच "माफ केलं" म्हणून मोकळे होऊ नका. राग आत तसाच राहतो आणि महिन्याभराने भलत्याच गोष्टीवरून उसळतो. आधी बायबलमधलं स्तोत्र ५५ मोठ्याने वाचा. शत्रू नव्हे, जिवाभावाचा सोबतीच उलटला, हे तिथे देवापुढे किती उघडपणे मांडलंय ते दिसेल.

मग नुकसान कागदावर लिहा. नुसतं "दुखावलं" नको. कोणतं गुपित फोडलं, किती पैसे बुडवले, नेमकं लिहा. कर्जाचा आकडाच ठाऊक नसेल तर माफ काय करणार? मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १८व्या अध्यायातल्या दाखल्यातही आकडे आहेत: एका चाकराचं दुसऱ्याकडे शंभर दीनार येणं होतं, म्हणजे मजुराची शंभर दिवसांची मजुरी, काही थोडीथोडकी रक्कम नव्हे!

बोलायचा क्रमही त्याच अध्यायात आहे: आधी एकांतात, ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या लोकांपुढे. बहुतेक जण पहिली पायरी गाळून थेट चारचौघांत बोलतात, तिथेच बिघडतं. मारहाण झाली असेल तर मात्र एकट्याने भेटायला जाऊच नका.

क्षमा केली म्हणजे भरवसाही परत दिला, असं नाही. बायबलमधल्या योसेफाला भावांनीच विकलं होतं. पुढे ते त्याला न ओळखता समोर आले, तेव्हा त्याने धाकट्या बन्यामीनाच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवून भावांना पारखलं. त्यांतला यहूदा बन्यामीनाच्या जागी गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हा कुठे योसेफाने ओळख दिली. तुम्हीही घराच्या चाव्या इतक्यात परत देऊ नका.